स्पाइक गार्ड असूनही टीव्ही का जळाला?

प्रश्न : अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावी मे महिन्याच्या अखेरीस, वळवाच्या पावसात, घरापासून जवळच असलेल्या एका लिंबाच्या झाडावर वीज पडली. आमच्या घरावर काहीच पडले नाही, तरीही टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि राऊटर एका क्षणात निकामी झाले. टीव्ही स्पाइक गार्डला जोडलेला होता, घराला एमसीबीही आहे. मग तो जळाला कसा? दुसरे असे, की मी हौशी रेडिओचा (छंद म्हणून बिनतारी संदेश पाठवण्या-घेण्याचा) परवाना घेऊन गच्चीवर अँटेना उभारली आहे. तिच्यामुळे घरावर वीज ओढली जाईल, ती काढून टाक, असा वडिलांचा आग्रह आहे. अँटेनासाठी मी अंगणात वेगळे आर्थिंग केले आहे; तेवढे पुरेसे आहे का?
– एक वाचक, जिल्हा बीड

उत्तर : पडणाऱ्या विजेचा प्रवाह साधारणपणे 30,000 अँपिअरच्या घरात असतो. ती घरावरच पडावी लागते असे नाही. जवळपास पडली तरी खांबावरच्या तारांत, डिशच्या केबलमध्ये आणि राऊटरच्या वायरीत काही मायक्रोसेकंदांपुरता हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. तुमच्या स्पाइक गार्डने राखण केली ती फक्त लाईटच्या वायरीची. गच्चीवरच्या डिशमधून सेट टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआय केबलने टीव्हीत जाणारा दुसरा रस्ता मोकळाच होता, आणि तिन्ही वस्तू एकदमच गेल्या असल्याने बहुधा अशा केबलींच्याच वाटेने नुकसान झाले असावे.

एमसीबीकडून ही अपेक्षाच करू नये. जादा भार किंवा शॉर्ट सर्किट झाल्यास प्रवाह तोडणे हे तिचे काम, आणि ती हलेपर्यंत विजेचा लोंढा येऊन गेलेला असतो. स्टॅबिलायझरचेही तेच. स्पाइक गार्डमध्ये मात्र रुपयाच्या नाण्याएवढी एक चकती असते, तिला व्हॅरिस्टर म्हणतात. दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की ती जादा प्रवाहाला बाजूने वाट करून देते. प्रत्येक तडाख्यागणिक ती थोडी थोडी झिजते आणि शेवटी तडकून काळी पडते. तरीही गार्डवरचा लाल दिवा लागलेलाच राहतो, कारण अनेक गार्डांत तो दिवा फक्त लाईट आहे एवढेच सांगतो. शिवाय तिच्यातून जमिनीकडे जाणारी वाट आर्थिंगची असते, आणि आपल्याकडे नेमके तेच कच्चे असते.

मे महिन्यात आर्थिंगच्या पाइपाशी जाऊन पाहावे. काळी जमीन भेगाळून पाइपापासून सुटलेली असते; त्या फटीत बोट सहज जाते. म्हणजे वळीव येतो त्याच दिवसांत आर्थिंग सर्वांत दुबळे झालेले असते. उन्हाळ्यात तिथे नियमित पाणी घालावे, फट मातीने बुजवावी आणि वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजणी करून घ्यावी. रोध 5 ओहमच्या आत असेल तर उत्तम. त्यानंतर मुख्य बोर्डावर टाइप टू प्रकारचा एसपीडी, म्हणजे अचानक आलेला जादा दाब आर्थिंगकडे वळवणारे उपकरण, बसवावा. त्याला जोडणाऱ्या वायरींची एकूण लांबी अर्ध्या मीटरपेक्षा जास्त नसावी, कारण अशा वेळी मीटरभर वायरीवरही हजारभर व्होल्ट उभे राहतात. वळसे घेत गेलेली, गुंडाळी करून ठेवलेली वायर एसपीडीचा उपयोगच घालवते.

येथे एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. वादळात न्यूट्रल तुटला की 230 व्होल्टच्या जागी 400 च्या आसपास दाब घरात येऊ शकतो. दिवे एकदम झगझगतात, पंखा सुसाट फिरतो. हे आभाळातून पडणाऱ्या विजेचे काम नव्हे आणि एसपीडीही त्यावर उपाय नव्हे. त्यासाठी जादा व्होल्टेजला पुरवठा तोडणारे स्वतंत्र उपकरण बसवावे लागते.

आता अँटेना. ती लांबची वीज ओढून आणत नाही. मात्र घरावरची सर्वांत उंच धातूची वस्तू तीच असल्याने, पडलीच तर वीज आधी तिच्यावर पडण्याचा संभव जास्त, हा वडिलांच्या काळजीतला खरा भाग आहे. तरीही ती काढू नका. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी संपर्कासाठी मदत केली होती, आणि मराठवाड्यात अशी केंद्रे असावीत असे मला मनापासून वाटते. वेगळ्या आर्थिंगची चूक मात्र आधी दुरुस्त करा. अंगणातल्या आर्थिंगचा रोध 10 ओहम धरला, तर 30,000 अँपिअरला तिथे 3 लाख व्होल्ट उभे राहतात. त्या क्षणी घराचे आर्थिंग इतक्या दाबावर नसते, आणि या दोहोंना जोडणारा पूल म्हणजे तुमचा रेडिओ. म्हणून दोन्ही आर्थिंग जमिनीखालून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पट्टीने एकमेकांना जोडून घ्या. अँटेनाची आणि डिशची केबल घरात शिरते तिथेच एका धातूच्या पत्र्यावर गॅस ट्यूबचे अरेस्टर (केबलमधला जादा दाब आर्थिंगकडे वळवणारे छोटे उपकरण) बसवा आणि तो पत्राही त्याच आर्थिंगला जोडा.

इतके करूनही थेट घरावर पडलेल्या विजेपासून रेडिओ वाचेल याची खात्री देता येत नाही. ढग भरून येताच प्लग काढावेत, अँटेनाची केबल सोडून घराबाहेरच ठेवावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप याबाबत आगाऊ सूचना देते. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती सुमारे 10 किलोमीटरच्या आत आहे; मग कोणत्याही केबलला हात लावू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे.

प्रश्न : शेतातल्या बोअरच्या मोटारीचा ऑटो स्टार्टर दोन पावसाळ्यांत दोनदा जळाला. काय करावे?
– एक शेतकरी वाचक, जिल्हा परभणी

उत्तर : डीपीपासून लांबवर उघड्या तारांनी आलेल्या लाईनच्या टोकाला तुमची पेटी आहे, त्यामुळे तिच्यावर ताण जास्त येतो. पेटीत थ्री फेजचा एसपीडी बसवावा आणि स्टार्टरचे आर्थिंग बोअरच्या केसिंगला, म्हणजे बोअरमध्ये उतरवलेल्या पाइपाला, जोडावे. मात्र केसिंग लोखंडी असेल तरच, पीव्हीसीचे असल्यास शेजारी वेगळा खड्डा घ्यावा लागेल. आभाळ येण्याआधीच मेन स्विच पाडून ठेवावा. गडगडाट सुरू झाल्यावर तेवढ्यासाठी शेतात जाऊ नये. जळालेली मोटार पुन्हा भरून घेता येते.