वाचकांचे प्रश्न : १९७१चे सोबती कसे शोधावेत?

प्रश्न : १९७१च्या लढाईत मी पूर्व आघाडीवर मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होतो. १९८४ साली पेन्शनवर आलो. आता वय ७५. आमच्या सेक्शनमधले तिघे हयात आहेत का, कुठे आहेत, एवढे तरी कळावे असे फार वाटते. नावे आठवतात आणि एकाचा तालुका. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ट्रंकेपासून करा. डिस्चार्ज बुक (सेवेतून मुक्त होताना मिळालेले पुस्तक), जुनी आंतर्देशीय पत्रे, कंपनीचा ग्रुप फोटो आणि मेडल्स एकत्र काढून ठेवा. ग्रुप फोटोच्या खाली रांगेनुसार हुद्दे व नावे छापलेली असतील, तर निम्मे काम तिथेच झाले. मित्र तुमच्याच भरतीतला असेल तर त्याचा आर्मी नंबर तुमच्या नंबराच्या आसपासचा असणार. ही गोष्ट पत्रात जरूर लिहा, कारण एकाच नावाचे दहा शिपाई सापडतात, नंबर मात्र एकाचाच असतो.

मग रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोकरीची कागदपत्रे सांभाळणाऱ्या कचेरीला, पत्र टाका. पलटण कोणतीही असो, मराठा रेजिमेंटच्या जवानांची कागदपत्रे बेळगावलाच असतात. महार रेजिमेंटची सागरला, तोफखान्याची नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सची खडकीला. इथेच पुष्कळांची गल्लत होते. तुमच्याबरोबर खंदकात बसलेला वायरलेसवाला पलटणीला जोडून दिलेला सिग्नलचा जवान असेल, तर त्याचे नाव बेळगावला मिळणार नाही, त्याचे रेकॉर्ड जबलपूरला असते. नर्सिंग असिस्टंट असेल तर लखनौला. म्हणून तो मूळचा कोणत्या कोअरचा, म्हणजे सैन्याच्या कोणत्या शाखेचा, हे आधी आठवा.

पत्रात मित्राचा पत्ता मागू नका. माहिती अधिकारात अर्ज करून पत्ता मागितला तर वैयक्तिक माहिती म्हणून बहुधा नकारच येतो, आणि त्यात महिना जातो. त्याऐवजी मित्राच्या नावे एक पत्र लिहून, तिकीट लावलेल्या पाकिटात बंद करून सोबत जोडा आणि ‘हे पत्र संबंधितांच्या नोंदीतील पत्त्यावर पाठवावे, ही विनंती’ असे लिहा. तसे करायला ऑफिस बांधील नाही, पण पत्ता मागण्यापेक्षा ही वाट सरळ आहे. तुमचा नंबर, हुद्दा, पलटण, कंपनी आणि नोकरीची वर्षे लिहा, डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडा. आतल्या पत्रात आपला फोन नंबर मोठ्या अक्षरांत घाला. वाचणारा तुमच्याच वयाचा आहे.

तालुका आठवतो म्हणालात. १९७१मधला जिल्हा आज तोच असेल असे धरू नका. सावंतवाडी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होती, सिंधुदुर्ग जिल्हा १९८१चा. जालनाही १९८१चा, लातूर १९८२चा. कुलाब्याचे रायगड झाले तेही १९८१मध्येच. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, त्यामुळे तेव्हाच्या पत्त्यात तो नसतोच. आजचा पिन शोधून घाला. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग भरतीच्या वेळी कारकुनाने लिहिले तसे राहते, तेव्हा दोन-तीन प्रकारे लिहून द्या.

आजच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची नोंद असते. तिथे फोनवर विचारण्यापेक्षा ओळखपत्र घेऊन समक्ष जा. पलटणीच्या सुभेदार मेजरांनाही पत्र टाका. पलटण आजही उभी आहे, स्थापनादिनाला जुन्या जवानांना बोलावतात, त्यामुळे कोणाकोणाचे फोन नंबर तिथे असतात. जिल्ह्याच्या ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) दवाखान्यात औषधांच्या रांगेत आणि १६ डिसेंबरच्या विजय दिवसाच्या कार्यक्रमात विचारणे तर सोडूच नका. कागदांपेक्षा लवकर उत्तर बहुतेक वेळा तिथूनच येते.

प्रश्न : वडिलांच्या सोबत्याचा फोन नंबर मिळाला आहे. वडिलांना थेट फोन लावून देऊ का?

उत्तर : आधी तुम्ही त्यांच्या मुलाशी किंवा सुनेशी बोला. पेन्शनरांना फसवणारे फोन इतके येतात की अनोळखी आवाज ऐकताच घरचे फोन ठेवतात, आणि त्यांचे ते बरोबरच आहे. वडिलांचे नाव, पलटण, कंपनी, प्लाटून सांगा आणि ग्रुप फोटो पाठवा. पीपीओ (पेन्शनचा आदेश), बँक किंवा आधार यातले काहीही विचारू नका, आणि त्यांनी विचारले तर सांगूही नका.

वेळ सकाळी दहानंतरची ठेवा. तोफखान्यात किंवा मशीनगनवर काम केलेल्यांना कमी ऐकू येणे नेहमीचेच. साध्या फोनपेक्षा व्हिडिओ कॉल बरा, ओठ दिसतात. पहिल्या फोनला ‘तो दिवस आठवतो का?’ अशी सुरुवात वडिलांना करू देऊ नका. काहींनी लढाईतल्या प्रसंगांबद्दल बायकोलाही कधी सांगितलेले नसते, आणि तुमचा फोन स्पीकरवर असेल तर सगळे घर ऐकत असते. मुलेबाळे, तब्येत, शेती, जुन्या हवालदारांचे टोपणनाव, एवढे पहिल्यांदा पुरे. लढाईचा विषय समोरच्याने काढला तरच पुढे जावे. फोन झाल्यावर वडील रात्री अस्वस्थ झाले, झोप उडाली, तर दोन दिवस सोबत राहा. ही अस्वस्थता टिकून राहिली तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

प्रश्न : शोधता शोधता कळले की मित्र वारला. वहिनी गावी एकट्या आहेत. भेटायला जावे का?

उत्तर : जा, पण आधी कळवून. मित्राचा एखादा फोटो असेल तर त्याची मोठी प्रत काढून न्या. पुष्कळ घरांत त्या वयातला त्याचा फोटोच नसतो.

बोलता बोलता वहिनींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते का, हे जरूर विचारा. नेहमी अडकते ते नावाशी. मित्राच्या नोंदीत वहिनींचे माहेरचे किंवा घरगुती नाव असते आणि आधारवर दुसरेच. त्यांचे आधार, मित्राचे डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि मृत्यूचा दाखला घेऊन त्यांच्यासोबत सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथले कल्याण संघटक अर्ज भरून देतात. मूळ कागद कोणाच्याही हाती सोडू नका, झेरॉक्सच द्या.