कुंडलिकेत उतरण्याआधी

कोलाडला सकाळी भिऱ्याच्या वीजकेंद्राकडून पाणी सुटलं की कुंडलिका नदी बघता बघता चढते. राफ्टिंगला वल्हं मारायला तू लवकर शिकशील रे, आधी पडायला शीक. बोट उलटली की उताणा हो, पाय प्रवाहाच्या दिशेने, पावलं पाण्याच्या वर. पाणी गुडघाभर दिसलं तरी धारेत उभा राहू नकोस! माझा पाय एकदा दोन दगडांच्या फटीत अडकला. मागून असा रेटा आला की तोंडच पाण्याखाली. मित्राने वेळेत धरलं म्हणून वाचलो. पाण्यात पडलेल्याला ओढायला फेकतात ती दोरीची पिशवी रोज वीसदा फेक, अंगणात का होईना. आधी पाण्यातल्या माणसाला हाक मार, त्याने बघितलं की मगच फेक. दोरी मनगटाला मात्र कधीच गुंडाळू नकोस. आणि रविवारी लाइफ जॅकेटचे पट्टे मी स्वतः ओढून बघेन.