तीन वर्षांच्या लेकीला राणीच्या बागेत नेताना

अगं, पहिल्याच फेरीत सगळी बाग दाखवायचा हट्ट धरू नकोस. बुधवार सोडून कधीही जा, बुधवारी बाग बंद असते. शक्यतो रविवारही टाळ. सकाळी दार उघडतानाच पोचलीस तर ऊन चढायच्या आत निवांत दोन तास मिळतात. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतर, तिथून बाग चालत जाण्याइतकी जवळ आहे.

पेंग्विनकडे सगळेच धावतात. तूही ने, पण झाडांसाठी वेळ राख. ही बाग मुळात वनस्पतींची, १८६० च्या दशकातली. गोरखचिंचेच्या जाडजूड बुंध्याला लेकीला मिठी मारू दे, तिचे हात कुठवर पोचतात ते बघ. माझा मुलगा पहिल्या भेटीत वाघापेक्षा मुंग्यांच्या रांगेपाशीच जास्त रमला होता. मी त्याला ओढून पुढे नेलं, त्याची हळहळ अजून वाटते. तू तसं करू नकोस, ती थांबेल तिथे थांब.

शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर दगडी हत्ती आहे. घारापुरी बेटाला ‘एलिफंटा’ नाव पडलं ते याच्यामुळे. तो तिला नक्की दाखव.

पाणी, टोपी आणि कपड्यांचा एक जादा जोड पिशवीत असू दे. आणि ती पेंगायला लागायच्या आधीच परतीला लाग.