वडिलांचा जुना आयपॉड कपाटात सापडला आहे. त्यातली गाणी आणि फोटो काढता येतील का? आज तो वापरण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की वडील मागच्या वर्षी गेले, त्यांचं कपाट आवरताना २००६च्या सुमाराचा ३० जीबीचा पांढरा आयपॉड हाती लागला, सोबत रुंद चपट्या तोंडाची केबलही आहे, आणि येत्या रविवारी तो लॅपटॉपला जोडून बघणार आहात. कृपा करून जोडायच्या आधी हे वाचा. गाणी निघतील, फोटोही बहुधा निघतील. पण त्या आयपॉडमध्ये या दोन्हींपेक्षा मोलाचं काहीतरी आहे आणि ते एका क्लिकमध्ये जाऊ शकतं.

माझ्या आईचं तसं गेलं, म्हणून सांगते. तुमच्यासारखाच ३० जीबीचा आयपॉड मामेभावाने २००६ साली दुबईहून तिच्यासाठी आणला होता. आईला यंत्रांची धास्ती होती, पण ते गोल चाक तिला दोन दिवसांत जमलं. जपमाळेचे मणी सरकवावेत तसा तिचा अंगठा त्यावरून फिरायचा, आतून बारीक टकटक व्हायची. इंग्रजी मेनू ती वाचत नसे, मोजत असे: खाली तीन, मधलं बटण, खाली दोन. गाणं चालू असताना मधलं बटण दाबत गेलं की ताऱ्यांची ओळ येते आणि चाक फिरवून गाण्याला एक ते पाच तारे देता येतात, हे मी तिला एकदा दाखवलं होतं. पुढची तीन वर्षं दुपारी पडल्या पडल्या ती तारे देत होती, हे मला ठाऊकही नव्हतं.

२००९ साली मी नवा लॅपटॉप घेतला आणि तिचा आयपॉड त्याला जोडला. आयट्यून्सने, म्हणजे आयपॉडमध्ये गाणी भरायच्या ॲपलच्या प्रोग्रामने, विचारलं की हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, मिटवून या लायब्ररीशी जुळवू का? मी घाईत होते, 'इरेज अँड सिंक' दाबलं. गाणी सगळी सीडींवर होती, आठवड्याभरात परत भरली. पण तारे गेले, कुठलं गाणं किती वेळा ऐकलं ते आकडे गेले. आई एवढंच म्हणाली, "असू दे गं." नंतर तिने पुन्हा कधी तारे दिले नाहीत. आता ती नाही. तिला कुठली गाणी पाच ताऱ्यांची वाटत होती, हे मला कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी चार्जिंग, मग त्याच्याच पडद्यावर वाचन, मग नक्कल, आणि सिंक सगळ्यात शेवटी किंवा कधीच नाही.

चार्जिंगच्या आधी आयपॉड टेबलावर पालथा ठेवून मागचं चकचकीत झाकण नीट बघा. कडेला फट पडली असेल किंवा पाठ फुगल्यासारखी वाटत असेल तर बॅटरी फुगली आहे. तसं असेल तर अजिबात चार्ज करू नका, आधी बॅटरी काढून घ्या. पाठ सपाट असेल तर भिंतीवरच्या साध्या यूएसबी चार्जरला लावा, लॅपटॉपला नको. इतकी वर्षं पडून राहिलेली बॅटरी तळाला गेलेली असते, त्यामुळे पहिला अर्धा तास पडदा काळाच राहिला तरी मेला म्हणून सोडून देऊ नका. तासाभराने वरची होल्डची खिटी एकदा पुढे-मागे करा आणि मेनू व मधलं बटण दोन्ही एकत्र आठ-दहा सेकंद दाबून धरा. सफरचंद उमटलं की निम्मं काम झालं.

मग तो हातात धरून थांबा. या आयपॉडमध्ये खरीखुरी फिरणारी हार्ड डिस्क आहे, १.८ इंचांची. ती फिरू लागली की तळहाताला बारीक थरथर जाणवते. नुसती थरथर असेल तर उत्तम. ठक्-ठक् असा ठरावीक आवाज पुन्हा पुन्हा येत असेल किंवा पडद्यावर दुःखी चेहऱ्याचा आयपॉड दिसत असेल तर डिस्क बिघडत चालली आहे. लगेच बंद करा. मग तो पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. डेटा काढून देणाऱ्या माणसाकडेच न्या.

चालू झाला असं धरून पुढे लिहिते. संगणक अजूनही नको. आधी प्लेलिस्टमध्ये जा. तिथे बहुतेक 'टॉप २५ मोस्ट प्लेड' आणि 'माय टॉप रेटेड' या याद्या असतील. आयट्यून्स त्या आपोआप बनवत असे, पहिली ऐकण्याच्या मोजणीवरून आणि दुसरी ताऱ्यांवरून. तिथेच 'ऑन द गो' नावाची एक यादी असेल. ही आपोआप होत नाही. गाण्याच्या नावावर मधलं बटण दाबून धरलं तरच ते तिच्यात जातं, म्हणजे तुमच्या वडिलांनी चालता-बोलता, संगणकाशिवाय, स्वतःच्या बोटाने ती केलेली असणार. या तिन्ही याद्या उघडून पडद्याचे फोनने फोटो काढा, क्रमासकट. गाणी वाजवायचा मोह आवरा, कारण पूर्ण वाजलेलं प्रत्येक गाणं मोजणीत धरलं जातं आणि या याद्या बदलू शकतात.

आणखी एक गोष्ट बघा, गाण्यांची नावं. भारतात आयट्यून्सचं दुकान उघडलं ते २०१२च्या डिसेंबरमध्ये. त्यामुळे त्या काळातली गाणी बहुधा घरच्या सीडींवरूनच भरलेली असतील. सीडी घातली की आयट्यून्स इंटरनेटवरून नावं शोधत असे, पण मराठी सीडींची नावं एक तर सापडत नसत किंवा भलतीच येत. मग माणूस स्वतः बसून इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा. एखादं स्पेलिंग विचित्र दिसलं तर दुरुस्त करायला जाऊ नका. ते त्यांच्या हातचं आहे.

आता नक्कल. शक्यतो आयट्यून्स नसलेला विंडोजचा संगणक घ्या. आयपॉड मूळचा विंडोजवर वापरलेला असेल तर पेनड्राइव्हसारखा दिसेल. विंडोजने "ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल" असं म्हटलं तर ठामपणे नाही म्हणा आणि केबल काढा. त्याचा अर्थ बहुधा एवढाच की वडिलांनी तो मॅकवर तयार केला होता. अशा वेळी कुणाचा तरी मॅक मागून घ्या, मॅकला दोन्ही प्रकार वाचता येतात. आयट्यून्स असलेलाच संगणक वापरायचा झाला तर आयपॉड जोडताना विंडोजवर कंट्रोल आणि शिफ्ट, मॅकवर कमांड आणि ऑप्शन, आयपॉडचं नाव दिसेपर्यंत दाबून धरा, म्हणजे सिंक आपोआप सुरू होत नाही. आणि मिटवण्याबद्दल विचारणारी खिडकी आलीच तर 'कॅन्सल'.

लपवलेल्या फाइली दाखवायची सोय चालू केलीत की 'आयपॉड कंट्रोल' नावाचं फोल्डर दिसेल. त्यात 'म्युझिक', आणि त्यात एफ००, एफ०१ अशी फोल्डरांची रांग. आतल्या फाइलींना चार-चार अक्षरांची अर्थहीन नावं असतात, ते पाहून घाबरू नका. गाण्याचं नाव, गायक, अल्बम हे सगळं फाइलीच्या पोटात असतं, संगणकावरच्या कुठल्याही म्युझिक प्लेअरमध्ये टाकलं की परत दिसतं. पण नुसतं 'म्युझिक' उचलू नका. अख्खा आयपॉड जसाच्या तसा एका फोल्डरमध्ये उतरवा, कारण ऐकण्याचे आकडे आणि तारे त्याच 'आयपॉड कंट्रोल'मधल्या वेगळ्या फाइलींत असतात. जुनी डिस्क आहे, वेळ लागेल, लागू द्या.

फोटोंचं थोडं वेगळं आहे. हा आयपॉड फोटोंची मूळ फाइल दाखवतच नाही. सिंक करताना आयट्यून्स प्रत्येक फोटोच्या लहान-मोठ्या आकाराच्या प्रती बनवून आयपॉडवर टाकत असे, त्यातली छोट्या पडद्यासाठीची ३२० बाय २४०, टीव्हीसाठीची ७२० बाय ४८०. या सगळ्या 'फोटोज' फोल्डरात 'थम्ब्स'मध्ये आयटीएचएमबी प्रकारच्या फाइलींत कोंबलेल्या असतात, दुहेरी क्लिक करून उघडत नाहीत. मात्र सिंकच्या वेळी 'फुल रिझोल्यूशन'च्या चौकटीत खूण केली असेल तर त्याच 'फोटोज'मध्ये 'फुल रिझोल्यूशन' नावाचं फोल्डर मिळेल आणि त्यात मूळ फोटो साल-महिना-दिवस अशा क्रमाने लावलेले असतील. ते सापडलं तर तुमचं नशीब थोर. नाही सापडलं तरी निराश होऊ नका, आयटीएचएमबीमधून टीव्हीच्या आकाराच्या प्रती बाहेर काढणारी साधनं आहेत. ७२० बाय ४८० म्हणजे आजच्या फोनपुढे काहीच नाही, पण पोस्टकार्डाहून लहान आकारात छापायला पुरतं.

टीव्हीचा विषय निघालाच आहे तर सांगते. हेडफोनच्या भोकात एक खास केबल लावली की हा आयपॉड टीव्हीवर फोटो दाखवतो, पाठीमागे गाणं लावून. २००७च्या दिवाळीत नागपूरहून काका-काकू आले होते, तेव्हा आम्ही भाच्याच्या बारशाचे फोटो असे लावले. आधी टीव्हीवर सगळं काळं-पांढरं आणि वर सरकणारं दिसत होतं, अर्धा तास केबलच हलवत बसलो. दोष सेटिंगचा होता. स्लाइडशो सेटिंग्जमध्ये टीव्ही सिग्नल एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या पद्धतीचा होता, आपल्याकडे पाल पद्धतीचा लागतो. पाल केल्याबरोबर बाळाचा हिरवा खण टीव्हीभर उमटला आणि काकूंनी हातातला चिवडा खाली ठेवला. तुमच्या घरी पिवळी-पांढरी-लाल भोकं असलेला टीव्ही अजून असेल तर हे जरूर करा. फक्त केबल आयपॉडचीच हवी. व्हिडिओ कॅमेऱ्याची साधी केबल दिसायला सारखी असते, पण तिच्यात रंगांची अदलाबदल करून बघावी लागते. आणि चार्ज पूर्ण ठेवा: नुसत्या गाण्यांना हा नवा असताना १४ तास चालायचा, गाण्यासह स्लाइडशोला जेमतेम ३.

आता शेवटचा प्रश्न, आज वापरावा का. मी रोज वापरते, आईचाच. तेव्हा डोंबिवलीहून फास्ट लोकलने जाताना पारसिकच्या बोगद्यात शिरलं की मोबाइलवरचा एफएम खरखरून बंद पडायचा, आयपॉडवरचा तानपुरा मात्र चालू राहायचा. आता फोनवर सगळं मिळतं हे खरं, पण फोनवर विलंबित ऐकताना दर दोन मिनिटांनी कुणाचा तरी निरोप येतो. पाऊण तासाचा ख्याल मला सलग ऐकता येतो तो याच्यावरच.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी एक युक्ती सांगते. आपल्याकडे संगीतकाराचा रकाना ख्यालाला निरुपयोगी असतो, तर त्यात मी रागाचं नाव भरलं. त्यामुळे आयपॉडच्या 'कंपोझर्स' मेनूत बागेश्री, भूप, ललत अशी रागांची यादीच तयार झाली. सकाळी ललत उघडायचा आणि चार गायकांचे ललत एकापाठोपाठ ऐकायचे. विलंबित आणि द्रुत सीडीवर दोन ट्रॅकमध्ये तोडलेले असतात, मध्ये क्षणभर आवाज तुटायचा. २००६च्या सप्टेंबरमध्ये आयट्यून्स ७ आलं आणि त्याबरोबरच्या अपडेटने ती फट या आयपॉडवरही बुजली. वडिलांनी ते अपडेट केलं नसेल तर आत्ता लगेच करू नका, नक्कल झाल्यावर बघा.

फाइली फार मोठ्या ठेवू नका. ३० जीबीच्या आयपॉडला ३२ एमबीची तात्पुरती स्मृती आहे. तिच्यात पाच-सात गाणी एकदम ओढून घ्यायची आणि डिस्क थांबवायची, अशी त्याची रीत आहे. सीडीच्या दर्जाच्या अवाढव्य फाइली घातल्या तर डिस्क सारखी फिरते आणि बॅटरी भराभर उतरते.

बॅटरी बदलून मिळते, हार्ड डिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसवणारे अडॅप्टरही मिळतात. पण उघडणाऱ्याला आधी विचारा की त्याने हा आयपॉड पूर्वी उघडलाय का. मागच्या झाकणाला हेडफोनची आणि बॅटरीची कागदासारखी पातळ पट्टी चिकटलेली असते, झाकण जोरात ओढलं की फाटते. आमच्या इथल्या एका दुरुस्तीवाल्याकडून नेमकी हीच पट्टी फाटली आणि नवी मिळेपर्यंत दीड महिना गेला. वडिलांचा आयपॉड नक्कल निघेपर्यंत कुणालाही उघडू देऊ नका, फुगलेल्या बॅटरीचा एक अपवाद सोडून.

रविवारी 'फोटोज'मध्ये काय सापडतं ते इथे लिहा. नुसत्या आयटीएचएमबी फाइली निघाल्या तर त्या कशा उघडायच्या ते मी सविस्तर सांगेन. आणि जमलं तर 'ऑन द गो'मधलं पहिलं गाणं कुठलं होतं, तेही सांगा.