वाचक विचारतात : चिमुकल्या देशाचं सुरक्षा धोरण

प्रश्न : एस्टोनियासारखा चिमुकला देश राष्ट्रीय सुरक्षा धोरण आखतो, म्हणजे नेमकं काय करतो? सैन्य ते केवढं!
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या आसपास, पुणे शहराच्या निम्मीही नाही. त्यामुळे सुरुवात रणगाड्यांपासून होत नाही. आधी विचारायचं, काय बंद पडलं तर देश अडेल? २००७च्या एप्रिल-मेमध्ये सायबर हल्ल्यांनी बँका, वृत्तपत्रं आणि सरकारी संकेतस्थळं विस्कळीत झाली, तेव्हा या प्रश्नाला धार आली. पुढे महत्त्वाच्या सरकारी नोंदींची प्रत लक्झेंबर्गमध्ये ठेवली. तिथल्या सर्व्हरना वकिलातीसारखं संरक्षण आहे. जमिनीच्या नोंदीही त्यात आहेत. उद्या राजधानी टालिन हातची गेली तरी सातबारा शाबूत, असं समजा!

दुसरी नस विजेची. देशभरच्या वीजजाळ्याची (ग्रिडची) फ्रीक्वेन्सी, म्हणजे विजेचा सेकंदागणिक ठेका, रशियातल्या मॉस्कोतून सांभाळली जाई. हे जोखड फेब्रुवारी २०२५मध्ये सुटलं. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया हे तिन्ही बाल्टिक देश युरोपच्या ग्रिडला जोडले गेले. त्यामागे कित्येक वर्षांची तयारी होती.

सैन्य आहेच: सक्तीची लष्करी सेवा, राखीव दल, ‘काइत्सेलीट’ हे स्वयंसेवक दल आणि २००४पासून नाटो.

सुरक्षा धोरणाचे असे मसुदे फसतात ते बहुधा एकाच ठिकाणी. प्रत्येक खातं आपापला परिच्छेद घुसडतं आणि सगळंच ‘अत्यंत महत्त्वाचं’ ठरतं. प्रत्येक धोक्यापुढे जबाबदार खातं, मुदत आणि पैशांची तरतूद लिहावी लागते. रुग्णालयाचा जनरेटर किती तास चालतो, डिझेल कोण पोचवणार, हे सराव घेऊन तपासावं लागतं. कागदावर तो नेहमीच चालतो.