खोली बघायला जाताना

प्रिय पोरा,

तुझा फोन ठेवल्यापासून मन थाऱ्यावर नाही. फोनवर खोलीचं पक्कं झालं, अन् दारात तुला बघताच मालक म्हणाले, "कालच गेली." पुण्यात हे मीही सोसलंय. बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहायची, मेसच्या रांगेत कुणीही केसांत बोटं घालायचं. आपल्या सिद्दी समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून येऊन, बरेचसे गुलाम म्हणून आणले जाऊन, शेकडो वर्षं झाली, तरी रोज कुणीतरी विचारतंच, "कुठल्या देशाचे?"

तू आधार कार्ड काढून म्हणालास, "मी आफ्रिकन नाही हो, भारतीय आहे." तुला बोल लावत नाही. मीही तेच म्हणायचे. एकदा असंच म्हणून मागे वळले, तर जिन्यात नायजेरियाचा एक विद्यार्थी उभा. पाठीवर सॅक, हातात एजंटनं दिलेली पत्त्याची चिठ्ठी. तीच खोली बघायला आला होता. मराठी येत नसलं तरी ‘आफ्रिकन’ हा शब्द त्याला कळला. चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि तो मुकाट्यानं खाली उतरला. खोली मला मिळाली. वर्षभर राहिले, पण तो जिना चढताना रोज जीव खायचा.

ते वाक्य तू टाकून दे. त्याऐवजी मालकाला विचार, "आफ्रिकन असतो तर नाही म्हणणं बरोबर होतं का?" कुठला विचारलं तर ‘कर्नाटकातल्या हल्याळचा’ एवढंच पुरे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबरनं खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली, शांताराम सिद्दी २०२० मध्ये कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले, हे अभिमानानं सांग, पण ज्याला ऐकायचंय त्याला. खोली मिळावी म्हणून नको.

केसांना हात लावला तर तिथंच सांग, "हात लावायचा नाही." रोज प्रत्येकाला समजावत बसू नकोस, परीक्षेच्या दिवशी तर मुळीच नको. कॉलेजात नावं ठेवणं थांबलं नाही, तर तारीख, नेमके शब्द आणि कोण हजर होतं ते वहीत लिही. रंगावरून, वंशावरून छळणं विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत घातलंय. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू असते. तक्रारीला एकटा जाऊ नकोस, मी येईन.

रविवारी दहाला निघते. दोघं मिळून खोल्या बघू. तुझ्या वर्गातला तो सुदानचा मुलगाही शोधतोय म्हणालास ना? त्यालाही बोलावून घे.

तुझी,
मावशी