वाटपातला नारळ आणि ‘संशोधनाने सिद्ध’

प्रश्न : ताई, वेंगुर्ल्याजवळ आमची माडांची वाडी आहे. रोजचं जेवण वाटपाचं, म्हणजे वाटलेल्या ओल्या खोबऱ्याचं, फोडणीला घाण्यावरचं खोबरेल. मुंबईचा मुलगा मोबाइलवर पाठवतो, ‘खोबरेल हृदयाला घातक’. आठ दिवसांनी सूनबाई पाठवते, ‘खोबरेल हृदयाचं रक्षण करतं’. दोन्हींत ‘संशोधनाने सिद्ध’ असतंच. सासूबाई म्हणतात, ‘आमची आये नव्वद वर्सां जगली, तिका कोणी काय सांगूक नाय.’ मग आहाराचे अधिकृत नियम करणारे नेमकं कोणाचं ऐकतात? — एक गृहिणी, वेंगुर्ला

उत्तर : वहिनी, एकट्यादुकट्याचं ते ऐकत नाहीत. मुलाच्या लेखाचं नाही, सुनेच्या नाही आणि सासूबाईंच्या आयेचंही नाही. आये नव्वदीपर्यंत जगली हे खरंच, पण तिच्याच वाडीत तेच खोबरं खाऊन पन्नाशीत गेलेल्यांची आठवण कोणी काढत नाही.

नियम करायला बसले की आधी प्रश्न बांधून घेतात : कोणी खायचं, कशाऐवजी खायचं आणि त्याचा परिणाम कशावर बघायचा. कोणते अभ्यास घ्यायचे, कोणते सोडायचे हेही शोधाआधीच लिहून ठेवतात. मग त्या प्रश्नावर जगभरात झालेले सगळे अभ्यास गोळा करतात. दोन माणसं वेगवेगळी बसून ते चाळतात, म्हणजे एकाच्या आवडीनिवडीला वाव उरत नाही. रापण ओढली की जाळ्यात आलेलं सगळं किनाऱ्यावर येतं. त्यातली सुरमई तेवढी उचलून ‘आज सुरमईच लागली’ असं कोणी सांगत नाही. लेख लिहिणारे मात्र नेमकं तेच करतात.

तुमच्या खोबरेलाचंच बघा. २०२० साली ‘सर्क्युलेशन’ या वैद्यकीय नियतकालिकात असा एक आढावा आला. त्यात १६ प्रयोग एकत्र तपासले होते. सोयाबीन, ऑलिव्ह अशा तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १०० मिलिलिटर रक्तामागे सरासरी १० मिलिग्रॅमच्या आसपास वाढलं. एचडीएल, म्हणजे चांगलं म्हणतात ते, ४ मिलिग्रॅमनी वाढलं. मुलाकडचा लेख पहिला आकडा उचलतो, सुनेकडचा दुसरा. घरात भांडण लागलं ते एकाच तक्त्यावरून!

आता ‘कशाऐवजी’ हा शब्द विसरू नका. २०१८ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी काही लोकांना चार आठवडे रोज ५० ग्रॅम खोबरेल, काहींना तेवढंच लोणी आणि काहींना ऑलिव्ह तेल दिलं. लोण्याने एलडीएल वाढलं, खोबरेल आणि ऑलिव्ह यांच्यात मात्र फारसा फरक पडला नाही. पण हा एकच प्रयोग, तोही चार आठवड्यांचा. सुनेला तो आवडेल, म्हणून मीच सांगून ठेवते.

गोळा झालेल्या पुराव्याला मग खात्रीची पायरी देतात : उच्च, मध्यम, कमी, अत्यंत कमी. खोबरेलाचे बहुतेक प्रयोग थोड्या दिवसांचे होते आणि त्यांत मोजलं कोलेस्टेरॉल. हृदयविकाराचे झटके नव्हेत. तिथे खात्री उतरते. शिवाय अभ्यास तेलाचा आणि तुम्ही विचारताय वाटपातल्या खोबऱ्याबद्दल, ज्यात चोथाही असतो. तिथे आणखी उतरते. प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ बेटांवर लोकांना निम्म्याहून जास्त ऊर्जा नारळातूनच मिळायची. त्यांचं कोलेस्टेरॉल जास्त होतं, तरी हृदयविकार कमी दिसला, असं १९८१ साली प्रसिद्ध झालं. पण ते मासे खात, अंगमेहनत करत, साखर-मैदा त्यांच्याकडे बेताचा. यातलं श्रेय नारळाला किती द्यायचं?

नुसत्या निरीक्षणावर विसंबलं की काय होतं, ते फिनलंडमध्ये दिसलं. पिवळ्या-हिरव्या भाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी आढळायचा, म्हणून २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. त्यांतल्या काहींना त्या भाज्यांतल्या बीटा-कॅरोटिन या घटकाच्या गोळ्या दिल्या. १९९४ मध्ये निकाल आला : गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. दवाखान्यात माझ्यासमोर पेशंट कात्रणं घेऊन बसत, तेव्हा मी हीच गोष्ट सांगायचे. निम्मे गप्प व्हायचे, निम्मे दुसरं कात्रण काढायचे.

पुरावा कच्चा असला तरी सल्ला द्यावाच लागतो, फक्त तो तसं सांगून देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल काय लिहिलं ते बघा. बाहेरून घातलेली साखर, मध, फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ही ठाम शिफारस. ५ टक्क्यांच्या आत आणली तर आणखी बरं, ही सशर्त, कारण तिच्यामागचा पुरावा फारच कमी खात्रीचा होता. बातमीत हा फरक कुठे वाचलात?

तर तुमच्यापुरतं. संपृक्त मेद, म्हणजे तूप-लोणी-खोबऱ्यात जास्त असते ती चरबी, दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, असं तीच संघटना सांगते. २००० कॅलरी खाणाऱ्याला ते साधारण २२ ग्रॅम होतं. मोठा चमचाभर खोबरेलात ११-१२ ग्रॅम जातं, २५ ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सात-साडेसात. म्हणजे बांगड्याच्या तिखल्यातलं वाटप बसतं, सोलकढीही बसते, पण वरून तळण खोबरेलात आणि दूध-तूपही रोज असेल तर नाही बसत. मी असते तर वाटप ठेवलं असतं आणि फोडणीचं तेल बदललं असतं. सकाळी उपाशीपोटी खोबरेल पिणाऱ्यांनी मला पत्र लिहू नये.

प्रश्न : दुकानदाराने ‘कमी सोडियमचं मीठ’ दिलं. बाबांना बीपी आहे आणि किडनीचंही थोडं निघालंय. चालेल का? — हर्णैहून एक वाचक

उत्तर : डॉक्टरांनी स्पष्ट सांगेपर्यंत बाबांच्या ताटात ते नको. त्या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं आणि आजारी किडनीला पोटॅशियम बाहेर टाकणं जड जातं. चीनमध्ये ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर असं मीठ तपासलं, पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाला, २०२१ चा निकाल. पण किडनीचा गंभीर आजार असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं. असं मीठ वापरण्याची जागतिक आरोग्य संघटनेची जानेवारी २०२५ ची शिफारसही सशर्त आहे आणि किडनीचे रुग्ण, गरोदर बाया व मुलं यांना तिने वगळलंय.

साधं मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून थोडं कमीच, आणि त्यात सुकट, खारा बांगडा, पापड, लोणचं सगळं आलं. खारा बांगडा पाण्यात भिजत ठेवा, पाणी दोनदा बदला आणि त्या दिवशी आमटीत मीठ घालू नका. बीपीची गोळी कोणती चालू आहे तेही डॉक्टरांना दाखवा, काही गोळ्यांनी पोटॅशियम आधीच वाढलेलं असतं.